जोडीचं ताट

३ मार्च
पोहोचले एकदाची! दादाने फाटकापर्यंत सोडलं आणि जाता जाता चिडवलंच, म्हणे उंदरांची आया होणारी आपल्या घरातली पहिलीच. वहिनीने डोळे पुसले, जशी काही मी सासरी निघालेय. खोली मात्र झकास आहे. ताट, चमचा, नळ, दाराची मूठ, सगळं प्लास्टिकचं. इथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, प्रयोग जस्ताचा आहे, त्यामुळे धातूचा कणही आत नको. अंघोळ करून इथलेच कपडे घालायचे, मोबाइल बाहेर ठेवायचा आणि प्रयोग संपेपर्यंत आतच राहायचं. दोन्ही वेळचं जेवण फुकट! माझ्यासारख्या खादाड मुलीला आणखी काय हवं?

५ मार्च
काम समजलं. उंदरांच्या जोड्या असतात. एकाच्या खाद्यातून जस्त काढलेलं असतं, दुसऱ्याला सगळं मिळतं. जस्त नसलं की शरीरातली एन्झाइम मंदावतात, केस गळतात, जखम भरत नाही, साधी सर्दीही झेपत नाही. शिवाय भूकच मरते. मग उंदीर जस्तावाचून खंगला की उपाशी राहून, हे कळायचं कसं? त्यावर तोडगा असा, की आजाऱ्याने काल जेवढं खाल्लं, तेवढंच आज धडधाकट जोडीदाराला द्यायचं. बिचारा दिवसभर रिकामी वाटी खरवडतो. मी त्याला चिमूटभर जास्त घालणार होते, तर मॅडमनी माझा हातच धरला. रागावल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

१२ मार्च
आज एक जोडी कापली. आजारी उंदराचं ठीक आहे, तो मरणारच होता. पण त्याच दिवशी धडधाकटही? मॅडमनी शांतपणे समजावलं, की त्याचं यकृत शेजारी ठेवल्याशिवाय आजाऱ्याच्या यकृतातल्या एन्झाइमचा आकडा कशाशी ताडून बघणार? पटलं. तरी मी खोलीत येऊन रडले.

१९ मार्च
ताटात भात कमी येतोय. आचाऱ्याला म्हटलं, काटकसर चाललीय की काय? तो मान खाली घालून म्हणाला, वरून सांगतात तेवढंच वाढतो. दर आठवड्याला आमचं रक्त घेतात, वजन करतात. कामगारांच्या तब्येतीची काळजी, असं सांगतात. एवढी काळजी असेल तर पोटभर जेवायला घाला की!

२४ मार्च
शेजारच्या बंद खोलीत माणूस आहे. मधल्या दारापलीकडून बोलला. माझ्या आधी या कामावर होता तो. मला तर सांगितलं होतं, तो घरी गेला. म्हणतो, केस पार गेलेत, ओठांच्या कडा चिरल्यात, कशालाच चव लागत नाही. काल अर्धंच ताट संपवलं, म्हणाला.
आज माझ्या ताटात अर्धंच होतं.

२५ मार्च
मी त्याला विचारलं, आज किती जेवलास. पाच घास, म्हणाला.

२६ मार्च
पाच घास.
मॅडमकडे जायला निघाले, तर दार उघडेना. बाहेरून कडी आहे. मूठ नुसतीच गरगर फिरते. आचारी ताट खालच्या फटीतून सरकवतो. हाका मारल्या, ओरडले. तो निघून जातो.

२८ मार्च
शेजारचा मधल्या दाराशी आला. आवाज अगदी खोल गेलाय.
"ताई, किल्ली आहे का तुझ्याकडे? पितळेची? नुसती चाटायचीय."
बॅगेची छोटी किल्ली पहिल्या दिवशी बॅग बाहेर ठेवताना चुकून माझ्या मुठीतच राहिली होती. पितळेत जस्त असतं. दिली दाराखालून सरकवून. दातांवर घासल्याचा आवाज येत राहिला. भाऊ, जप रे, म्हटलं मी. आणि जेव. माझ्यासाठी तरी जेव. तुझं पोट तेच माझं पोट आहे आता.

३० मार्च
आज ताट जरा भरलेलं! काल जेवला तो! देवा, मी ताट चाटून पुसून साफ केलं.

३१ मार्च
मॅडम आल्या होत्या. दाराबाहेर उभ्या राहिल्या. किल्ली काढून घेतली म्हणे त्याच्याकडून. मी हात जोडले, म्हटलं मला घरी जाऊ द्या, दादा वाट बघत असेल, मी कुणाला काही सांगणार नाही.
"तुझं सगळं उत्तम आहे गं. रक्त, वजन, सगळं. अशी जोडीदार सहज मिळत नाही." किती मायेने बोलल्या.

२ एप्रिल
दोन घास. दिवसभर त्याला विनवतेय. खा रे भाऊ. नाक दाबून गिळ. शिव्याही घातल्या. तो म्हणतो, घास गळ्याखाली उतरतच नाही, ताई. खोकतोय सारखा.

३ एप्रिल
ताट आलं. रिकामं. घासून, पुसून—
म्हणजे काल त्याने काहीच—

दुपार
खोकला थांबलाय. हाक मारली. भिंत बडवली. भाऊ, ओ दे रे—
त्याचं दार उघडलं. चाकांचा आवाज. मॅडम कुणाला तरी सांगतायत, गार व्हायच्या आत यकृत काढा—

माझ्या दाराची कडी—
मी आजारी नाही. माझे केस शाबूत आहेत, जखम भरते, साधी सर्दीसुद्धा नाही मला, सांगते ना त्यांना, मी ठणठणीत आहे, अगदी ठण—
आई गं. ठणठणीत आहे म्हणूनच तर—