चुलीजवळचा कान

९ फेब्रुवारी
मुडबीचे तुकडे पाडले! भर रस्त्यात तारेचं कुंपण. अलीकडं मराठी बोलणारे, पलीकडं कन्नड बोलणारे, तळ्याच्या अंगाला दखनी. गाव भाषेवर वाटणाऱ्या समितीचा माणूस भोंग्यावरून सांगून गेला – प्रत्येक घरात एक दिवस बोलणं टिपणारी पेटी बसणार. गाव तिला 'कान' म्हणतं. ज्याच्या तोंडून परकी भाषा निघेल, त्यानं त्या भाषेच्या बाजूला राहायला जायचं. एकट्यानं! अरे, तुम्हाला विचारलं कुणी?

शेजारचे काशप्पाकाका हिशेब कन्नडमध्ये करतात, शिव्या दखनीत देतात आणि देवाला मराठीत आळवतात. त्यांचे काय तीन तुकडे करणार?

१० फेब्रुवारी
काशप्पाकाकांना नेलं. बैल उधळला, ते कानासमोर दखनीत ओरडले, झालं.

आता आईची पाळी. तिचं माहेर हळ्ळीखेडचं, घरात सगळी कन्नड. लग्न होऊन आल्यापासून अप्पांशी, माझ्याशी मराठीच बोलते. पण दचकली की 'अय्यो!' तेवढ्यासाठी माझ्या आईला तारेपलीकडं टाकणार हे लोक!

"त्या दिशी म्या तोंडच उघडत न्हाई," आई म्हणाली. चालत नाही. गप्प बसणाऱ्यावर तर आधी संशय.

११ फेब्रुवारी
रविवारी आमच्याकडं कान. म्हणून आईची तालीम. ती भाकरी थापत होती, मी मागून ताट आपटलं.
"अय्यो!"
पुन्हा आपटलं. पुन्हा तेच.
"कामून छळायलीस गं, रेणुका?" तिच्या डोळ्यांत पाणी. संताप संताप झाला माझा. स्वतःच्या चुलीपुढं बसून कसं दचकायचं, हे मी आईला शिकवायचं! जळो ती समिती.

१३ फेब्रुवारी
ताट आपटलं – "अगं बाई!"
जमलं!! अप्पा म्हणाले, "बरोबर झालं बघ आता." आई हसली नाही. पीठ मळत राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार
बसला मेला कान, चुलीजवळच. समितीचा हरिओम कडक इस्त्रीत पाटावर ठाण मांडून. चहासुद्धा आमचाच प्याला.

दुपारी त्यानं मुद्दाम आईच्या पाठीमागं तांब्या फेकला. आई काय म्हणाली? "अगं बाई! केवढ्यानं दचकवलं!" वा रे माझी आई!

त्या आनंदात मी दूध उतरवायला गेले आणि पातेलं कलंडलं. मनगटापर्यंत भाजलं. किंचाळले. आई धावली, पाणी ओतलं, "कुठं भाजलं? बघू, बघू" – सगळं मराठीत! एवढ्या घाईतही चुकली नाही.

"व्हय, बाई पक्की मराठी हाय," हरिओम म्हणाला आणि पेटी घेऊन गेला. पक्की मराठी म्हणे! हा कोण ठरवणारा? पण जाऊ दे. अप्पांनी शिरा करायला लावला. हाताची आग होतेय, तरी दोनदा घेतला. आई राहिली.

१६ फेब्रुवारी
उद्या मला नेणार. आईला नाही, मला! पेटीत माझी किंकाळी सापडली – "अव्वा!"

कन्नडमधली आई! मी तिला आईच म्हणते, जन्मभर आईच म्हणत आले. विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "दुखलं की तू लहानपणापासून असंच वरडतीस. मला आवडायचं, म्हणून कधी सांगितलं न्हाई."