रुपालीची कात्री

शेवगाव, ६ जानेवारी २०२५

ती. दादांस छबूचा सा. नमस्कार.

गूळ, हुरडा आणि वहिनींची चटणी पोचली. एसटीच्या पार्सलला साठ रुपये पडले. पुढच्या खेपेस कुणा येणाऱ्याच्या हाती द्या.

फोनवर विचारवलं नाही म्हणून लिहिते. रुपालीच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल माझ्या भागवतनं दवाखान्यावर ग्राहक मंचात तक्रार केली आहे. ऑपरेशननंतर सूनबाई पोट धरूनच हिंडली. डॉक्टर दर वेळी गॅस म्हणाले. ती गेली तेव्हा शवविच्छेदनाचं निघालं, तर भागवतनंच हात जोडले, आता तिला आणखी कापू नका. आज वकील तोच कागद मागतात. राख सावडताना मामांनी काही लोखंडी उचललं, असं भागवतला आठवतं. काय होतं, दादा?

तुमची, छबू

कोपरगाव, १३ जानेवारी

सौ. छबूस आशीर्वाद.

साठ रुपयांचं वाचून तुझी वहिनी हसली. म्हणाली, वन्संना चटणीपेक्षा भाडंच तिखट लागलं.

व्हय, होतं. कात्रीसारखं, दोन कड्यांचं, काळं पडलेलं. मला वाटलं, पोरीची शिवणाची कात्री कुणी मायेनं सरणावर ठेवली असंल. घाटावर नृसिंह गुरुजी म्हणाले, अस्थींत लोखंड कशाला. मीच अडून बसलो, भाचेसून लेकीसारखीच, तिच्या हातचं हाय, तिच्यासंगं जाऊ द्या. गोदामाईत सोडलं. त्यात काही चुकलं का, छबू?

गहिनीनाथ

शेवगाव, १८ जानेवारी

ती. दादांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मशीनचा खण उघडला. रुपालीची कात्री तिथंच आहे. बोटाला रुतू नये म्हणून तिनं कडीला गुंडाळलेली लाल चिंधीसुद्धा तशीच. खाली शेजारणीचं झंपर, एक बाही लावायची राहिलेलं. मी खणाशीच बसून राहिले. देवापुढचा दिवाही त्या सांजेला भागवतनं लावला.

तुम्ही मायेनं सोडलंत, दादा, मनाला लावून घेऊ नका. नदीत आता काय शोधायचं? वकील म्हणतात, वस्तू नाही, तरी पाहणारे दोघं आहेत. तुम्ही आणि गुरुजींनी शपथेवर लिहून द्यावं. काय लिहायचं ते मी सुचवणार नाही. गोदामाईला स्मरून, दिसलं तेवढंच लिहा.

पण मला एक सांगा. त्याच्या तोंडाला कापायची पाती होती, की दवाखान्यातल्या चिमट्यासारखे दाते? माझा डोळा लागत नाही. वहिनींना नमस्कार, आमच्यावर माया असू द्या, आणि उलट टपाली कळवा.

तुमची, छबू