मंजुळेचा अंगठा

मी, कु. राहेल भास्कर शिरसाट, वय ७१, धंदा बायबलबाई (निवृत्त, तोंड अजून चालू), राहणार मुरबे, तालुका पालघर, देवाला स्मरून, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोक्याबद्दल शेजारीण मंजुळा हिचे मत वेगळे आहे, ते विचारात घेऊ नये.

१. माझी बाजाची पेटी गावातल्या भजनी मंडळाच्या आनंदाला द्यावी. तो ती देवळात भजनाला वाजवणार हे मला ठाऊक आहे. वाजवू दे. फक्त स्वतः गाऊ नये.

२. मनोरच्या हायवेवरून आणलेली ट्रकची ट्यूब पाळक गोर्डेसाहेबांना द्यावी. कारणही लिहिते. दुसऱ्याला विश्वासात आणणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, म्हणून या गावात मी घरोघर सुवार्ता सांगितली. कोळ्यांनी ती ऐकली, मान डोलावली, वर मला सुके बोंबील दिले. नाही म्हणाले असते तर निदान मी भांडले तरी असते! शेवटी मंजुळेचा नवरा कमलाकांत बाप्तिस्म्याला तयार झाला. मी आनंदाने रडले. पण साहेब पडले घाटावरचे. ओहोटी जोरात आहे, थांबा, म्हटले तर म्हणाले, "बाई, प्रभूचे काम ओहोटीसाठी थांबत नाही." तीनदा बुडवायचे होते कमलाकांतला, बुडाले साहेब. तीन वेळा गटांगळ्या खाल्ल्या, तिन्ही वेळा कमलाकांतने कॉलर धरून वर काढले. किनाऱ्यावर आल्यावर मला विचारतो, "बाय, तुमचा सायेब आता आमच्यात आला ना?" साहेबांनी पुन्हा मुरब्यात पाय ठेवला नाही. कमलाकांतही पुन्हा तयार झाला नाही. म्हणतो, सायेबाच्या जिवाला धोका हाय.

३. राहते घर मंजुळेला द्यावे. तिच्या झोपडीत दर उधाणाला पाणी शिरते. बाप्तिस्मा घेतला तरच घर, अशी अट घाला, असा साहेबांचा निरोप आला होता. मी घालणार नाही. घर दाखवूनच माणसे आणायची असती, तर देवाने मला कशाला, एखाद्या कंत्राटदाराला पाठवले असते.

४. माझ्या हातून एकही आत्मा प्रभूकडे आला नाही. त्याच्यापुढे रिकाम्या हाताने उभे राहायचे, याची मला फार लाज वाटते.

इथवर मोठ्याने वाचून दाखवले. शाळेचे पुंडलिक मास्तर साक्षीदार म्हणून बसले होते. दुसरा साक्षीदार एकनाथ, त्याची बोट अजून आली नव्हती. मंजुळा म्हणाली, "माजा अंगठा घ्या."

मी म्हटले, "अगं बये, साक्षीदाराला कायद्याने काही मिळत नाही. अंगठा केलास की घर गेलं!"

"जाव दे. तुमचा देव इचारील, काय केलंस म्हनून, तर तुमी नुसत्या रडत उभ्या रवाल. कागदाव माजा अंगठा हाय, मी सांगन. आमची वत्सला काविळीनं पिवली पडली तवा पालघरला कोनी नेली, बोट आली नाय तवा माज्यासंगती दर्यावर कोन बसला, सगला सांगन."

मी समजावले, रागावले, शाईचे पॅड पदराखाली लपवले. ही भवानी उठली, माझ्याच चुलीवरच्या तव्याची काजळी लावून आली आणि अंगठा उमटवून मोकळी झाली. आता या बाईला मी आणखी काय शिकवू?

सबब कलम ३ रद्द. घर मंजुळेची मुलगी वत्सला हिला द्यावे. ती साक्षीदार नाही, तिला कायदा आड येत नाही. आईला तिने त्याच घरात ठेवावे. बघते आता मंजुळा कशी नाकारते ते.

कलम ४ मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. वर गेल्यावर मी दारातच थांबेन. मंजुळा आल्याशिवाय आत जाणार नाही, मग देव रागावला तरी चालेल.

ही दुरुस्ती दोघांना वाचून दाखवली आणि त्यांच्यासमोर सही केली.

मुक्काम मुरबे, १४ नोव्हेंबर १९८७

राहेल भास्कर शिरसाट

साक्षीदार:
पुंडलिक तांडेल, शिक्षक (सही)
मंजुळा कमलाकांत मेहेर (अंगठा, दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा, शिव्या देत)