घुमटाखाली बसलेल्या बाईची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा जुन्या इमारतींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. तसे ते आजवर कुणाला आणताही आलेले नाही.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. भिंतींना चुन्याची सफेदीच द्यावी, प्लास्टिकचा रंग लावू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. तरी लिहून ठेवते. आईचे तिच्या माघारी ऐकणारी मुले पुष्कळ असतात.

२. अंगणातला चुन्याचा हौद, थाप्या, ओळंबे आणि चाळण्या सुनेला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्याला चुना पानाला लावतात एवढेच माहीत आहे. वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा बांधकामाची पेढी धाकट्या भावाला दिली आणि मला हा हौद. "पोरीला तेवढाच पुरे," म्हणाले. पुरला. भिजवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. सुनेने हौद कधी कोरडा पडू देऊ नये.

३. बँकेतील ठेव मुलीला. मात्र तिने त्यातून दरवर्षी पावसाळ्याआधी जुन्या बाजाराच्या घुमटाभोवतीच्या पन्हळी साफ करवून घ्याव्यात. घुमट म्हातारपणाने मरत नाही, तुंबलेल्या पाण्याने मरतो.

४. या घुमटाविषयी गावात नाना कथा आहेत, म्हणून खरी हकिकत इथे नोंदवते. घुमटाला तडे गेले आणि नगरपालिकेने तो पाडायचे ठरवले. पाडण्याचे आणि नवी इमारत बांधण्याचे काम माझ्या भावाला मिळाले होते. त्यानेच पूर्वी तड्यांत सिमेंट भरले होते. त्यामुळे पाणी आत कोंडले आणि दगड फुगून फुटू लागले. मी नगरपालिकेकडून एका हिवाळ्याची मुदत मागून घेतली. माझे यजमान सुतार. त्यांनी आतून लाकडी टेकू उभारले. आम्ही सिमेंट खरवडून काढले, चुना भरला, घुमटाच्या बुडाशी लोखंडी कडे आवळले.

टेकू काढायच्या दिवशी सगळा बाजार बाहेर उभा होता. भाऊ सर्वांसमोर म्हणाला, "ताई, हट्ट सोड. आता पडला तर माणसं मरतील."

"माणसं बाहेर आहेत," मी म्हणाले. भाजीवालीची खुर्ची घेतली आणि घुमटाच्या बरोबर मध्याखाली जाऊन बसले. हिशेब मी केला होता. तो चुकला असता तर त्याचा भार दुसऱ्या कुणावर पडू नये, एवढेच मनात होते.

यजमान टेकूंखालची एकेक पाचर ठोकून सैल करू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "बाईसाहेब, भीती वाटते का?"

"तुमच्या हातोडीची वाटते. माझ्या पायावर पाडू नका."

शेवटची पाचर निघाली तेव्हा वरून एक खोल आवाज आला आणि थोडी धूळ माझ्या मांडीवर पडली. यजमान हातोडी टाकून माझ्याकडे धावले. बाहेर पळण्याऐवजी आत धावणारा नवरा मला मिळाला, हे मी अभिमानाने लिहिते. घुमट आपल्या जागी बसला होता. आज तिथे पुन्हा बाजार भरतो.

५. बाजाराच्या मागच्या दारावर यजमानांचे आणि माझे नाव कोरावे, त्यांचे आधी. मी नम्रपणे नको म्हणेन अशी कुणाची समजूत असेल तर ती चूक आहे.

६. धाकट्या भावाला काहीही नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

सहीपूर्वीची भर: आज त्याला निरोप धाडून साक्षीला बोलावले. आला. चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाला, "म्हणजे मला काहीच नाही?"

"साक्षीदाराला मिळत नाही. कायदाच आहे."

"म्हणून बोलावलंस होय!" बऱ्याच वर्षांनी त्याला हसताना पाहिले. मग म्हणाला, "घुमट डावीकडे जरा कललाय. तेही लिही."

"बांधल्यापासून कललेलाय तो."

"मग तसं लिही."

लिहिले. घुमट मुळातच डावीकडे कललेला आहे.

ठिकाण: राहते घर, जुन्या बाजाराच्या मागे
दिनांक: ३ मार्च

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. या माझ्यासमक्ष पूर्ण शुद्धीत होत्या व मला दोनदा रागावल्या.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. मजकूर वाचला. सिमेंट मीच भरले होते. घुमट उभा आहे.