शेऱ्याचा रकाना

८ डिसेंबर, सोमवार
आमच्या लेकीच्या, मनालीच्या पोलीस भरतीचं ग्राउंड फेब्रुवारीत आहे. गेल्या वर्षी आठशे मीटरमध्ये बारा सेकंदांनी राहिली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. यंदा मी स्वतः तिचा कोच. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळीच. शाळेत चारशे मीटरला तालुक्यात दुसरा आलो होतो. किती जण धावले होते, असं हिने विचारलं. बायकोने असे प्रश्न विचारू नयेत.
जागा ठरली. बदलापूरच्या बाहेर राखीव जंगलात वनखात्याने गोल वाट केलीये. सव्वातीन किलोमीटर. पाटीवर 'सोपी' असं लिहिलंय. दोन फेऱ्या मारू.

९ डिसेंबर, सकाळी ६.४०
फाटकावर वनरक्षक हरिचंद्र रजिस्टर घेऊन बसतो. नाव, आत, बाहेर, सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. धावताना चष्मा नको म्हणून घरी ठेवला, त्यामुळे सही अंदाजाने.
मनाली पुढे गेली. तिची स्टाइल बघायला मी मुद्दाम मागे राहिलो. थोड्या वेळाने स्टाइल दिसेनाशी झाली. अर्ध्याच्याही अर्ध्यावरून परत फिरलो.

१० डिसेंबर
वाटेत एक सुका ओढा लागतो. त्यातून शंभरेक पावलं गेलं की तीच वाट पुन्हा लागते, फाटकाच्या बाजूला. तिथून फाटक हाकेच्या अंतरावर. पायात गोळा आला म्हणून आज ओढ्यातून आलो. एकदाच.
मनालीच्या बरंच आधी पोचलो. मला बघून ती थबकली, मग रजिस्टरवर सही केली, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिला खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत जिद्द दिसली. पुढे कोणीतरी दिसलं की पोरं धावतात. उद्या सांगतो.

१९ डिसेंबर
ओढ्यातून. ओढासुद्धा जंगलातच आहे, म्हणजे ट्रेलचाच भाग.
हरिचंद्र रोज माझ्या नावापुढे शेरा लिहितो. एकच शब्द. 'उत्तम' असावा. खाली सही करताना मनाली तो वाचते आणि गालात हसते. बापाचा अभिमान वाटणारच.

१ जानेवारी
संकल्प: उद्यापासून पूर्ण फेरी. काहीही झालं तरी.

२ जानेवारी
थंडीत स्नायू आखडतात. ओढ्यातून. वाटेत बसून एक केळं खाल्लं. खेळाडूंना पोटॅशियम लागतं.

१४ जानेवारी
मनालीने विचारलं, मागच्या वळणावरची मचाण पाहिलीत का. म्हटलं, रोजच बघतो. पायऱ्या किती, असंही विचारलं. म्हटलं, बारा. पोलिसात निरीक्षणशक्ती लागते, हे तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली.

२९ जानेवारी
आज तिने मला फाटकाजवळ जवळजवळ गाठलं. पंधरा पावलं खरोखरचा धावलो. जीव घशाशी आला. उद्यापासून ओढ्यात बसायचं नाही.
वजन दीड किलो वाढलंय. स्नायू.

१२ फेब्रुवारी
उद्या ठाण्याला ग्राउंड. हिने शिरा केला, मला गेला नाही. मी पोरीला दोन महिने खोटा वेग दाखवला. उद्या ती एका सेकंदाने जरी राहिली तर दोष माझा. पुन्हा तिचं ते न जेवणं मला बघवणार नाही. भीती वाटतेय.

१३ फेब्रुवारी
आठशेला पूर्ण मार्क! ग्राउंडबाहेरच्या फुटपाथवर बसून रडलो. लोक बघत होते. बघू देत.

१५ फेब्रुवारी
इथे बदलापुरातच, आमच्या शिरगावच्या सोसायटीत सत्कार. मुलीचा थोडा, कोचचा जास्त. सेक्रेटरी कमलेशने जाहीर केलं की येत्या रविवारी बाप-लेकीच्या फेरीचा व्हिडिओ काढू. नाही म्हणणार होतो, तेवढ्यात अंगावर शाल आली.

२२ फेब्रुवारी, रविवार
कॅमेऱ्यासमोर दोन शब्द वाचायचे होते म्हणून चष्मा लावून गेलो. ओढ्यापाशी कमलेश मोबाईल घेऊन उभा. सरळ जावं लागलं.
ओढ्याच्या पुढे चढ आहे. हे पाटीवर लिहायला हवं. चढ संपला की पळस फुललाय, सगळीकडे केशरी. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच पाहिला. मचाण कुठेच नाही. पुढे एका दगडावर बसलो तो उठताच येईना. मनाली पळत जाऊन हरिचंद्रला घेऊन आली. तो मोटरसायकल घेऊनच आला.
फाटकावर दम घेत रजिस्टर चाळलं. १० डिसेंबर, माझं नाव, शेरा: 'ओढ्यातून.' ११ डिसेंबर: 'ओढ्यातून.' पानंच्या पानं. २ जानेवारी: 'ओढ्यातून. केळं खाऊन.' प्रत्येक ओळीखाली मनालीची सही. मान वर केली तर समोर अख्खा ओढा दिसत होता. केळं खायला बसायचो तो दगडसुद्धा.
मनालीला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं.
"पहिल्या दिवसापासून, पप्पा. म्हणून तर शेवटी जीव तोडून पळायचे. चीटिंग करणाऱ्याकडून हरायचं नव्हतं मला."
म्हणजे पद्धत बरोबरच होती. निदान आजचा शेरा तरी आपल्या हाताने लिहावा म्हणून हरिचंद्रकडे पेन मागितलं. तो म्हणाला, लिवलाय साहेब.
'मोटरसायकलवरून. मागे बसून.'