उजवीकडे जाणारे बाण

रत्नागिरी
१६ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
सुमेधाचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. थंडी पडल्यापासून सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, आणि वानरांनी परसातल्या पपयांचा फडशा पाडला.

पत्राला कारण वेगळंच आहे. यांना धनुष्यबाणाचा नाद लागलाय. हसू नकोस. वानरांना हाकलायचं म्हणून सुरू झालं, आणि आता सव्वीस जानेवारीला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं चाललंय. घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यांचा तिथे वेगळा गट आहे. धनुष्य मेसाच्या भरीव बांबूचं, दोरी मिरकरवाड्यातून आणलेल्या जाळ्याच्या नायलॉनची. बाण पोफळीच्या लाकडाचे, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलेले. दिसायला झकास, पण सोडला की प्रत्येक बाण उजवीकडे जातो. पेंढ्याच्या उडवीवर फडकं लावून नेम धरायचा आणि बाण शेजारच्या फणसात!

तू पुण्यात दर रविवारी क्लबात बाण मारतोस, आणि लाकूडकामात तर तुझा जन्म गेला. तुझ्या नावाच्या देवाने एका बाणात समुद्र हटवला म्हणतात. तू निदान आमचे बाण सरळ कर. डोळे मिटले की बाण उजवीकडे जाताना दिसतो. यांना, म्हणते मी.

उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर घाल. यांना आयत्या वेळी चकित करायचंय. वहिनीला नमस्कार. तुझी माया आहेच, ती लवकर उत्तर पाठवून दाखव.

तुझी
सुमी

पुणे
२४ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. सुमेधास,
अ. उ. आ.

राजाभाऊ आणि धनुष्य! जेवल्यावर पाटावरून उठायलाही ज्यांना दोनदा विचार करावा लागतो, ते राजाभाऊ? तुझी वहिनी तर पत्र वाचून पोट धरून हसली.

आता कामाचं. बाण सुटतो तेव्हा तो सरळ नसतो. दोरीचा रेटा बसला की काडी वाकते, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे जाते आणि मग ताठ होते. तिने किती वाकावं हे धनुष्याच्या जोरावर ठरतं. गरजेपेक्षा नरम काडी उजवीकडे जाते, गरजेपेक्षा ताठ असली तर डावीकडे. तेव्हा राजाभाऊंच्या काड्या नरम आहेत. दोन बोटं आखूड करा आणि टोकाचं लोखंड हलकं करा. काडी ताठ होईल, बाण सरळ जाईल. आठ दिवसांचं काम आहे.

सासूबाईंना नमस्कार. आमच्यावरचा लोभ मात्र आखूड करू नका.

तुझा
दादा

रत्नागिरी
७ डिसेंबर १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं अक्षरशः केलं. बाण आखूड केले, टोकं हलकी केली. आता ते फणसही सोडून पार पलीकडच्या दगडी गडग्यावर जातात. चिऱ्यांवर आपटून दोन मोडले. हे काय औषध दिलंस?

नाव देऊन झालंय, आता माघार नाही. दिवस भराभर चाललेत. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मनात काडी वाकते आणि सुटते. परवा आमटी करपली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, तुझं चित्त कुठे असतं हल्ली. काय सांगू त्यांना?

तू चुकलास तरी हरकत नाही, पण परत विचार कर. मी रोज टपालाची वाट बघते. राग आला असेल तर गिळ, पण उत्तर धाड.

तुझी
सुमी

पुणे
१५ डिसेंबर १९८६

चि. सौ. सुमेधास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून मलाही चैन नाही. तुझ्या वर्णनाबरहुकूम दोन बाण केले आणि रविवारी क्लबात सोडून बघितले. नरम काडी आखूड केली की ती ताठ होते. ताठ झाल्यावर ती आणखी उजवीकडे जाणं शक्य नाही.

शक्य आहे ते एकाच परिस्थितीत. सोडणारा डाव्या हाताने दोरी ओढत असेल, तर सगळं उलट होतं. डावऱ्या माणसाचा ताठ बाण उजवीकडे जातो. म्हणजे तुमचे बाण मुळातच फार ताठ होते, आणि मी ते आणखी ताठ करत बसलो.

राजाभाऊ उजव्या हाताने सही करतात, पत्तेही उजव्यानेच वाटतात. तुमच्या घरात डावरं कोण आहे ते मला ठाऊक आहे. लहानपणी जेवताना आत्या जिचा डावा हात चिंधीने कमरेला बांधून ठेवायची, ती. काय गो सुमे, धनुष्य तूच ओढतेस ना? राजाभाऊंना याची काही कल्पना आहे का?

मी रागावलेलो नाही. पण माझ्याशी खोटं बोलून तुझा बाण सरळ होणार नाही, एवढं ध्यानात घे. जीव लावून आहे, खरं काय ते लिही.

तुझा
दादा

रत्नागिरी
२२ डिसेंबर १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पकडलंस. पत्र वाचून कान लाल झाले आणि मग एकदम हलकं वाटलं.

जुलैत आमच्या शाळेत मुलींना धनुर्विद्या शिकवायला एक बाई आल्या होत्या. त्या गेल्यावर सामान कपाटात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सभागृहात मी एकटीच होते. सहज धनुष्य उचललं तर ते आपसूक उजव्या हातात गेलं आणि डाव्याने दोरी ओढली. कोणी शिकवलं नव्हतं. दादा, छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी न अडखळता झालं. त्या दिवसापासून हात शिवशिवतोय. वानरांसाठी काठी हवी म्हणून यांच्याकडून मेस तोडून घेतला आणि बाकी सगळं मी केलं. हे कचेरीत गेले आणि सासूबाई पोथीला बसल्या की मी मागल्या बागेत जाते.

मी डावरी आहे हे या घरात कोणालाच माहीत नाही. मला बघायला आले होते तेव्हा आत्याने बजावलं होतं, डावा हात पदराखाली ठेव. तो तसाच राहिला. आता भर मैदानात तो पुढे करायचा. सासूबाई काय म्हणतील, हे काय म्हणतील, हेच मनात घोळतं. पण बाण सरळ गेलेला एकदा तरी बघायचाय. काय करू ते सांग. तुझ्या मायेवर हक्क सांगून विचारतेय.

तुझी
सुमी

पुणे
३० डिसेंबर १९८६

चि. सौ. सुमेधास,
अ. उ. आ.

नवे बाण कर, आधीपेक्षा लांब. काचेने काडी जराशी घास, सोडून बघ, पुन्हा घास. घाई करशील तर फार नरम होईल आणि बाण डावीकडे पळेल. एक बाण पिसं न लावता ठेव. पिसं चूक झाकतात, बिनपिसांचा बाण खरं काय ते दाखवतो. तो सरळ गेला की हात थांबव.

आणि राजाभाऊंना तू स्वतः सांग. मैदानात ते त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये.

इथून पाठीवर हात आहे.

तुझा
दादा

रत्नागिरी
२८ जानेवारी १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाण सरळ गेला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचशील. नंबर मात्र विचारू नकोस. सात जणींत चौथी आले.

यांना सांगायचा धीर सव्वीस तारखेच्या सकाळपर्यंत झाला नाही. शेवटी अंगणात धनुष्य घेऊन उभी राहिले आणि दोरी ओढूनच दाखवली. यांनी चपला घातल्या, बाणांची पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर निघाले. मैदानात माझं नाव पुकारलं. मी डावा हात वर केला तेव्हा मागून कोणीतरी म्हटलेलं ऐकू आलं, बाई डावरी आहे. पहिला बाण भीतीने खाली गेला. दुसरा सुटला तो फळीच्या मधोमध. दादा, मी तिथेच रडले. हसत होते आणि रडत होते. लोकांना वाटलं, खांदा दुखावला.

परत येताना मिरजोळ्याच्या फाट्यापर्यंत हे पिशवी घेऊन पुढे पुढे चालले. मला वाटलं, चोरून केलं म्हणून रागावलेत. मग रस्त्याच्या कडेला थांबून यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटांवरचे वण बघत राहिले. म्हणाले, पंधरा वर्षं तू विळीवर बोटं कापून घेतेस, मी चिंध्या बांधतो आणि चारचौघांत थट्टा करतो की मास्तरीणबाईंना साधी भाजी चिरता येत नाही. इतकी वर्षं तू नको त्या हाताने चिरत होतीस? मला भिऊन? यांचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, तुम्हाला नाही. यांनी विचारलं, मग आईला? मी म्हटलं, त्यांनाही नाही. मग कोणाला, असं यांनी विचारलं. दादा, या घरात येऊन पंधरा वर्षं झाली, पण मला हात बदल असं इथे कोणी एकदाही म्हटलेलं नाही. आत्याची ती चिंधी इथे मीच बांधून ठेवली होती.

तुझी
सुमी