शाळेत पडलेला उंदीर

वडूज, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

शाळा सुटल्यावर झाडताना फळ्यामागे मेलेला उंदीर सापडला. मांजराने मारला असेल, असं मनाला सांगितलं. मग काठीने उलटा करून पाहिला. दाताची खूण नाही. ओढ्यापलीकडे नेऊन जाळला आणि कुणाला बोललो नाही.

उंदीर पडला असं कळलं की गाव उठून माळावर झोपड्यांत जाईल. गेल्या प्लेगात तसंच झालं. माळावर गेलेली मुलं पोटासाठी रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली, आणि निम्मी पुन्हा पाटीला शिवली नाहीत. उरलेली मी दारोदार फिरून गोळा केली. माझ्यासारख्या एकही परीक्षा न दिलेल्या माणसाने ही शाळा पुन्हा उभी केली. ती माझ्याच तोंडाने बंद करायची?

खूण खरंच नव्हती ना? नव्हती. दोनदा पाहिलं.

चहा तसाच निवलेला पाहून हिने विचारलं. सांगून टाकलं.

"आवं, पोरांस्नी उंदरावरल्या पिसवांनी पिलेग पसरतो त्यो धडा तुमीच शिकवलासा न्हवं? उंदीर जाळून गप बसा, असं लिवलंय व्हय त्यात?"

"शाळा मोडंल गं."

"मोडू द्या. पोरं तर ऱ्हातील?"

उठून टोपी घातली. आता पाटलांकडे निघालो आहे. फळ्याला लागून बसणाऱ्या मुलांची घरं आधी दाखवावी लागतील. त्या रांगेत पहिली आमची कुसुम बसते. मघापासून ती पांघरूण मागते आहे.